पंडिता रमाबाई

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीची ओळख लिहून द्या, असे अध्यक्षबाईंनी सांगितले. मी रमाबाईंचे नाव घेताच एकीदोघींनी नाक मुरडले. त्या ख्रिस्ती झाल्या होत्या ना! होय, झाल्या होत्या. तरीही लिहिते.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकविले आणि लोकांचा रोष झाला म्हणून गंगामूळच्या रानात बिऱ्हाड केले. पुढे दुष्काळात आईवडील व बहीण गेली. उरलेली दोघे भावंडे पुराणे सांगत पायी हिंडली. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी रमाबाईंना सरस्वती ही पदवी दिली. मग भाऊही गेला. बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झाले, ते १८८२ मध्ये पटकीने वारले. मनोरमा तान्ही होती. १८८३ मध्ये विलायतेस जाऊन त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींचा पदवीदान समारंभ पाहण्यास त्या अमेरिकेस गेल्या. आपल्या कोल्हापूर संस्थानने दवाखान्यात नेमलेल्या त्याच या आनंदीबाई.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन निघाले. पहिली विद्यार्थिनी गोदूबाई ही विधवा, पुढे धोंडो केशव कर्वे यांची पत्नी. सदन पुण्यास गेल्यावर मुली बाटविल्या जातात असा गवगवा झाला. १८९३ मध्ये रानडे, भांडारकरांनी अंग काढून घेतले, पालकांनी पुष्कळ मुली घरी नेल्या. इथे माझे मन अडते. माझी मुलगी तिथे असती तर मी ठेवली असती का? छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. पालकांची भीती अगदीच पोकळ नव्हती, पुढे कित्येकजणी ख्रिस्ती झाल्याच. पण घरी नेलेल्या त्या विधवा पोरींच्या हाती पुन्हा पाटी कोण देणार होते?

१८९६-९७ च्या दुष्काळात, स्वतः उपाशी हिंडलेल्या या बाईंनी मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली, बायका आणून केडगावला ठेवल्या. गुजरातच्या दुष्काळानंतर संख्या दोन हजारांच्या घरात गेली. लिहिणेवाचणे, विणकाम, शेती, सारे शिकविले. छापखान्यात खिळे जुळविणाऱ्याही मुलीच!

मनोरमा १९२१ मध्ये गेली, रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी. महिन्याभरातच, ६ मे रोजी, आपल्या कागलच्या घाटगे घराण्यातले शाहू महाराज गेले.

मंडळाची पुढची सहल केडगावला न्यावी, असे मी सुचविले आहे.