साने गुरुजी

साने गुरुजींचे पूर्ण नाव पांडुरंग सदाशिव साने. त्यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी दापोली तालुक्यातील पालगड या गावी झाला. म्हणजे आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात. घरी गरिबी होती. तरी ते शिकले व अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. पुढे देशासाठी त्यांनी तुरुंगवास भोगला.

नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली त्यांनी 'श्यामची आई' हे पुस्तक लिहिले. त्यात श्याम रोज रात्री आश्रमातल्या मित्रांना आईची आठवण सांगतो. अशा ४२ रात्री आहेत. श्याम म्हणजे गुरुजीच. पण लहानपणी श्याम काही फार शहाणा नव्हता. पोहायला लागू नये म्हणून तो लपून बसला. आईने त्याला मारून पोहायला पाठवले आणि मग तिलाच रडू आले.

मला पण पऱ्ह्यात उतरायची भीती वाटते. पण मी ते कोणाला सांगितले नव्हते. गुरुजींनी मात्र आपल्या चुका स्वतःच सगळ्यांना सांगितल्या. म्हणून त्यांची गोष्ट खरी वाटते.

पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्या लोकांनाही खुले व्हावे म्हणून १९४७ साली त्यांनी उपोषण केले. मग ते खुले झाले.

११ जून १९५० रोजी गुरुजी वारले. अशा थोर गुरुजींना माझा नमस्कार.