पेटीच्या आडून रंगमंचावर : कै. गोविंदराव टेंबे यांचे जीवनस्मरण

श्रींच्या उत्सवात आरतीस प्रारंभ झाला की मंडपाच्या एका कोपऱ्यात पेटीवादक मान खाली घालून बसलेला दिसतो. सर्वांच्या गळ्यास सूर पुरविण्याचे काम त्याचे. परंतु त्याचा स्वतःचा गळा कोणी क्वचितच ऐकलेला असतो. पेटी वाजविणाऱ्याने वाजवावे व गाणाऱ्याने गावे, अशी समजूत आपल्या महाजन कुटुंबांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. प्रस्तुत लेखकही त्यांतलाच. बडोद्यास कारकुनी करताना दुसऱ्याच्या सहीसाठी मसुदे लिहिले आणि उत्सवास गावी आल्यावर दुसऱ्याच्या गळ्यासाठी पेटी वाजविली. एके वर्षी आरती म्हणणारे वडीलधारे गृहस्थ आजारी पडले आणि सर्वांची दृष्टी माझ्याकडे वळली. तेव्हा मी नुसताच भाता हलवीत राहिलो. आरती कशीबशी पार पडली, परंतु मनात सल राहिला. त्या सलामुळेच कै. गोविंद सदाशिव टेंबे यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

गोविंदरावांचा जन्म ५ जून १८८१ रोजी कोल्हापूरनजीक सांगवडे येथे झाला. त्यांची जडणघडण कोल्हापुरात झाली. छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयाने गायनसम्राट अल्लादियाखाँसाहेब तेथे वास्तव्यास होते आणि देवल क्लबासारख्या संस्थेत गाण्याच्या बैठकी होत असत. अशा वातावरणात या तरुणाचे मन पेटीवर जडले. त्या काळी पेटीस मोठी प्रतिष्ठा नव्हती. अलेक्झांडर दबँ या पॅरिसच्या कारागिराने १८४२ साली जिचे पेटंट घेतले ती ही परदेशी वस्तू. तिचे सूर ठरीव पट्ट्यांत बांधलेले. तिच्यावर मींड निघत नाही व श्रुतींचे सूक्ष्म भेद दाखविता येत नाहीत, असे जाणकारांचे आक्षेप होते. गोविंदरावांनी पेटी बहुतांशी स्वतःच्याच बुद्धीने आत्मसात केली. खाँसाहेबांचे गाणे त्यांनी कान देऊन ऐकले आणि त्या गायकीची वळणे बोटांत उतरविण्याचा ध्यास घेतला. पुढे साथीबरोबर स्वतंत्र पेटीवादनातही त्यांनी नाव मिळविले.

त्यांच्या आयुष्यास खरे वळण मिळाले ते भास्करबुवा बखले यांच्या सहवासाने. बुवांचा आणि बडोद्याचा ऋणानुबंध फार जुना. त्यांचा जन्म १८६९ साली बडोदे संस्थानातील कठोर या गावी झाला. बालवयात ते किर्लोस्कर नाटक मंडळीत गायक नट होते. परंतु वयात येताना आवाज फुटला आणि रंगभूमी सुटली. ज्या गळ्याचे काल कौतुक झाले तोच आज दगा देतो, हे दुःख त्यांनी कोवळ्या वयात भोगले. त्यानंतर बडोद्यास फैजमहंमदखाँ यांच्यापाशी व पुढे इतर थोर उस्तादांपाशी त्यांनी वर्षानुवर्षे मेहनत केली आणि गेलेला गळा पुन्हा कमावला. आपल्या गोमंतकाच्या केसरबाई केरकर यांनाही काही काळ बुवांची तालीम लाभली होती. अशा गुरूच्या मागे गोविंदराव पेटीच्या साथीस बसत असत व त्यांच्यापासूनच त्यांनी गायकीची विद्याही घेतली.

पेटीवादकास गाण्याची भीती का वाटते, याचा येथे थोडा विचार केला पाहिजे. पेटीवर बोट ठेवले की सूर हमखास उमटतो. गळ्यात पट्ट्या नाहीत, तेथे प्रत्येक सूर मनाने आधी पाहावा लागतो. भात्याचा वारा हाताने हवा तेवढा भरता येतो. छातीतला श्वास ओळ पुरी होण्यापूर्वीच संपतो. साथीदार आयुष्यभर दुसऱ्याच्या पट्टीत वाजवितो. कधी काळी एक, कधी काळी चार. स्वतःचा आवाज कोणत्या पट्टीत मोकळा होतो, हे पुष्कळदा त्याचे त्यालाच ठाऊक नसते. सर्वांत मोठी अडचण अशी की, उत्तम गाणी ऐकून त्याचा कान फार पुढे गेलेला असतो आणि गळा मागेच राहिलेला असतो. स्वतःचा कच्चा सूर त्यालाच प्रथम बोचतो. म्हणून तो गप्प बसतो आणि त्या गप्प बसण्यास विनय असे नाव देतो.

गोविंदरावांपुढेही हा पेच उभा राहिला असलाच पाहिजे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘मानापमान’ नाटकाच्या पदांना त्यांनी चाली दिल्या. १२ मार्च १९११ रोजी मुंबईस त्याचा पहिला प्रयोग झाला आणि ती पदे घरोघर पोहोचली. येथपर्यंत ते पडद्याआडच होते. त्याच वर्षी किर्लोस्कर मंडळीचे प्रमुख नट नानासाहेब जोगळेकर निवर्तले व नायकाची जागा रिकामी झाली. तिशी गाठलेले, पेटीवादक म्हणून नाव झालेले गोविंदराव तेव्हा नट म्हणून रंगभूमीवर उभे राहिले. त्या काळी ध्वनिक्षेपक नव्हते. शेवटच्या रांगेपर्यंत गळ्याच्याच बळावर पोहोचावे लागे. शिवाय समोर नायिका म्हणून प्रत्यक्ष बालगंधर्व! त्या कंठाशेजारी कोणाचाही कंठ फिका वाटावा. ज्याची कीर्ती बोटांवर उभी आहे, त्याने ती पणास लावून गळा उघडावा, यास किती धैर्य लागते, हे पेटीवर बसणारासच कळेल.

१९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव या तिघांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. या मंडळीस श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांचा राजाश्रय लाभला आणि बडोद्याच्या रसिकांशी तिचा स्नेह जडला. मौलाबक्षांची गायनशाळा जेथे १८८६ पासून चालू होती व फैयाजखाँसारखे गवई जेथे दरबारात होते, त्या नगरीचा श्रोता जाणता होता, हे सांगणे नलगे. पुढे गोविंदराव त्या मंडळीतून बाहेर पडले व त्यांनी स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली.

पन्नाशी उलटल्यावर त्यांनी आणखी एक साहस केले. प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट १९३२ साली निघाला. त्यात त्यांनी संगीतही दिले आणि राजा हरिश्चंद्राची भूमिकाही केली. तारामती झाल्या होत्या दुर्गाबाई खोटे. पार्श्वगायनाची सोय तेव्हा नव्हती. नटास यंत्रापुढे स्वतःच गावे लागे. त्याच वर्षीच्या ‘माया मच्छिंद्र’ या बोलपटातही ते नायक होते.

उत्तरायुष्यात त्यांनी लेखणी हाती घेतली. ‘माझा संगीत व्यासंग’ व ‘माझा जीवनविहार’ हे ग्रंथ आणि अल्लादियाखाँसाहेबांचे चरित्र हे मराठी संगीतवाङ्‌मयाचे मोलाचे धन आहे. त्यांच्या हयातीतच, १९४० साली, आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. ती १९७१ साली काहीशी शिथिल झाली. परंतु ते पाहण्यास गोविंदराव राहिले नव्हते. ९ ऑक्टोबर १९५५ रोजी त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

आज त्यांचे नाव निघते ते प्रथम पेटीवादक व संगीतरचनाकार म्हणून. गायक म्हणून मागाहून. यात कमीपणा कसला? आपला गळा बालगंधर्वांचा नाही, हे त्यांच्यासारख्या जाणकारास इतरांहून अधिक उमगले असेल. तरीही ते गायिले. पेटीने त्यांना कान दिला, गुरूने वाट दाखविली आणि उरलेले काम त्यांनी उभे राहून केले. पेटीवादकास गाता येते काय, या प्रश्नाचे उत्तर या चरित्रात आहे. येते, मात्र प्रथम आपली पट्टी शोधावी लागते, तानपुऱ्यावर सूर लावून कच्चेपण सोसावे लागते आणि चार लोकांनी ते ऐकण्याची लाज टाकावी लागते.

आपल्या देवस्थानात भजनाच्या व आरतीच्या वेळी अनेक मुले-मुली उत्तम पेटी वाजवितात. वडीलधाऱ्यांनी त्यांस वर्षातून एक तरी अभंग त्यांच्याच पट्टीत म्हणावयास सांगावा व चुकल्यास हसू नये, ही नम्र विनंती. येत्या उत्सवात एक आरती प्रस्तुत लेखकानेही आपल्या गळ्याने म्हणावी, असे योजिले आहे. सूर हलला तर महाजन बंधुभगिनींनी सांभाळून घ्यावे. श्रींच्या दारी आजवर कोणाचा सूर परतविला गेलेला नाही.