भास्कराचार्य

छत्रपती संभाजीनगरहून निघालेला रस्ता देवगिरीचा किल्ला आणि वेरूळची लेणी मागे टाकून कन्नडला जातो व तेथून घाट उतरून चाळीसगावच्या बाजूस येतो. त्याच डोंगराच्या पायथ्याशी, दाट रानाच्या कडेला, पाटण हे जुने ठिकाण आहे. तेथील देवीच्या देवळातील एका शिलालेखाची माहिती डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली विद्वानांपुढे मांडली. त्यात कोणा राजाच्या लढाईचे वर्णन मुख्य नव्हते. एका विद्वान घराण्याची वंशावळ त्यावर कोरलेली होती, आणि त्या घराण्याचा मुकुटमणी होता थोर गणिती भास्कराचार्य.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ मध्ये झाला. हे साल त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात सांगून ठेवले आहे. सह्याद्रीच्या आश्रयाला वसलेले विज्जडविड हे त्यांचे गाव. ते पाटणजवळचे की दूरच्या विजापुराकडचे, यावर विद्वानांचा वाद अजून मिटलेला नाही. वडील महेश्वर हे उत्तम ज्योतिषी होते व तेच त्यांचे गुरू झाले. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ पुरा केला. त्याचे चार भाग आहेत. पहिला भाग ‘लीलावती’.

लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी होती आणि घटिकापात्रात मोती अडकल्यामुळे तिच्या लग्नाचा मुहूर्त टळला, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. गोष्ट गोड आहे. परंतु ती ग्रंथात नाही. अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ मध्ये ‘लीलावती’चे फारसीत भाषांतर केले, त्यात ती आली. तोवर मूळ ग्रंथाला चारशेहून अधिक वर्षे होऊन गेली होती!

त्या काळच्या ज्योतिषाला काटकोन त्रिकोणावाचून एक पाऊलही टाकता येत नसे. सपाट जमिनीवर बारा अंगुळे उंचीचा शंकू उभा करावयाचा व त्याची सावली मोजावयाची. शंकू ही उभी बाजू, म्हणजे कोटी. सावली ही आडवी बाजू, म्हणजे भुज. आणि सावलीच्या टोकापासून शंकूच्या टोकापर्यंत कल्पिलेली रेषा तो कर्ण. सावली पाच अंगुळे असेल तर पाचाचा वर्ग पंचवीस, बाराचा एकशे चव्वेचाळीस, बेरीज एकशे एकोणसत्तर आणि तिचे वर्गमूळ तेरा. परंतु सूर्य काही आपल्या सोयीने सावली पाडीत नाही. दिवस आणि रात्र सारखी असतात त्या दिवशी भर मध्यान्ही देवगिरीला ही सावली साडेचार अंगुळांहून थोडी कमी भरते. मग वर्गमूळ पुरते सुटत नाही. येथे अंदाजाने आकडा बसविला, तर वेळेचे व ग्रहणाचे सगळे गणित पुढे चुकत जाते. म्हणून भुज आणि कोटी दोन्ही सव्वातीन धरून भास्कराचार्यांनी न सुटणाऱ्या मुळाची रीत मुद्दाम दाखविली. त्या रीतीने कर्ण चार पूर्णांक चारशे सत्त्याहत्तर अष्टशतांश येतो. आजच्या दशांश चिन्हात तो ४.५९६२५ होतो, आणि खऱ्या कर्णाशी ताडून पाहिला तर पहिल्या तीन दशांश स्थळांपर्यंत जुळतो.

विद्यार्थी कोठे घसरतो, हे ह्या गुरूला नेमके ठाऊक असावे. त्यांचे वेळूचे उदाहरण पाहा. बत्तीस हात उंचीचा वेळू वाऱ्याने मधेच मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून सोळा हातांवर जमिनीला टेकला. तर तो किती उंचीवर मोडला? घाईने वाचणारा मुलगा बत्तिसालाच कर्ण समजतो, त्याच्या वर्गातून सोळाचा वर्ग वजा करतो आणि फसतो. कर्ण तर मोडून कललेला तुकडा तेवढाच आहे. उभा राहिलेला बुंधा ही कोटी, आणि दोहोंची बेरीज बत्तीस. सोळाच्या वर्गाला, म्हणजे दोनशे छप्पन्नला, बत्तिसांनी भागले की आठ येतात. तो कर्ण व कोटी यांतील फरक. बत्तिसातून आठ वजा करून निम्मे केले की बारा. वेळू बारा हातांवर मोडला व वीस हातांचा तुकडा कलला. बाराचा व सोळाचा वर्ग मिळवून विसाचा वर्ग येतो का, हे तुम्हीच पाहा.

एके ठिकाणी तर भास्कराचार्य चक्क रागावलेले दिसतात. तीन, सहा व नऊ अशा बाजूंच्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ कोणी विचारील, तर तो विचारणारा धीट म्हणावा. कारण असे क्षेत्रच नाही, असे ते बजावतात. पटत नसेल तर तेवढ्या लांबीच्या सरळ काड्या घेऊन जमिनीवर मांडून पाहाव्या! तीन आणि सहाच्या काड्या नवाच्या काडीवर सपाट पडून राहतात, त्रिकोण उभाच राहत नाही. आकडे हाती आले की लगेच सूत्रात घालणाऱ्याला ह्या काड्या चांगल्याच थांबवितात.

नुसती रीत सांगूनही ते समाधान मानीत नसत. ‘बीजगणित’ ह्या दुसऱ्या भागात पंधरा व वीस बाजूंचा काटकोन त्रिकोण देऊन त्यांनी कर्ण तर विचारलाच, शिवाय ही रूढ रीत खरी का, तेही सांगावयास लावले. असे चार त्रिकोण कर्ण बाहेर ठेवून चौकोनात मांडले, की मधे पाच बाजूचा लहानसा चौरस रिकामा राहतो. चार त्रिकोणांचे सहाशे आणि चौरसाचे पंचवीस मिळून सहाशे पंचवीस. म्हणून कर्ण पंचवीस. कागदाचे तुकडे कापून हे कोणालाही जुळविता येईल.

उतारवयातही त्यांचे काम थांबले नव्हते. एकोणसत्तराव्या वर्षाच्या सुमारास, इ. स. ११८३ मध्ये, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिला. पुढे त्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपाल याने आपल्या राजधानीत नेऊन मुख्य पंडित केले, आणि नातू चांगदेव सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी झाला. ह्या चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून पाटणला मठ काढला. यादवांचा मांडलिक सोन्हदेव याने शके ११२८ मध्ये, म्हणजे इ. स. १२०७ मध्ये, त्या मठाला दान दिले. तेच त्या शिलालेखात कोरलेले आहे. वरचा मजकूर संस्कृतात आहे, पण शेवटच्या काही ओळी त्या वेळच्या मराठीत आहेत. गावच्या पेठेतील विक्रीवरचा कोणता कर मठाला मिळावा, ते त्यांत लिहिले आहे. आणि पाटणमध्ये तेलाचे जितके घाणे चालतील, त्या प्रत्येकामागे मठाला पळी पळी तेल द्यावे, असेही लिहिले आहे.