मायकेल फॅरडे: इलेक्ट्रिक गिटारच्या पोटात बसलेला शास्त्रज्ञ

इलेक्ट्रिक गिटार अँपला जोडा, व्हॉल्यूम वाढवा आणि तारांवरचा हात काढा. एक सलग घूंऽऽ ऐकू येतं. तारांना हात लावला की ते बरंच कमी होतं, काढला की पुन्हा सुरू. सातारा-सांगलीकडे कॉलेजच्या गॅदरिंगला, ऑर्केस्ट्रात, गणपतीच्या मांडवात हा आवाज इतका नेहमीचा आहे की अनेकांना तो गिटारचाच एक भाग वाटतो.

हा आवाज येतो का, तो कमी कसा करायचा आणि कमी करण्याच्या नादात जिवावर बेतेल असं काय करायचं नाही, या तिन्ही गोष्टी एका माणसाच्या आयुष्यातून छान समजतात. मायकेल फॅरडे. इलेक्ट्रिक गिटार जन्माला यायच्या साठेक वर्षं आधीच तो वारला होता, तरी आजच्या प्रत्येक इलेक्ट्रिक गिटारमध्ये त्याचं काम भरलेलं आहे.

लोहाराचा मुलगा, बाइंडरकडचा उमेदवार

फॅरडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा, लंडनच्या दक्षिणेला न्यूइंग्टन बट्स इथला. वडील लोहार, तेही तब्येतीनं अधू. घरात ओढगस्त. शाळा झाली ती लिहिण्या-वाचण्यापुरती आणि थोड्या हिशेबापुरती. तेराव्या वर्षी तो जॉर्ज रीबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे पोऱ्या म्हणून लागला आणि पुढच्या वर्षी तिथंच बाइंडिंगच्या कामाची सात वर्षांची उमेदवारी सुरू झाली.

बांधायला आलेली पुस्तकं हा पोरगा वाचूनही काढायचा. ब्रिटानिका विश्वकोशातला विजेवरचा लेख त्याला असाच सापडला. मग जमेल तेवढे पैसे घालून त्यानं स्वतःचं विद्युत यंत्र बनवलं. १८१२ मध्ये दुकानाच्या एका गिऱ्हाइकानं त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या हंफ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. फॅरडेनं प्रत्येक व्याख्यानाच्या नोट्स काढल्या, त्या सविस्तर लिहिल्या, आकृत्या काढल्या, तीनेकशे पानांचं पुस्तक स्वतःच्या हातानं बांधलं आणि डेव्हीला पाठवून दिलं. मार्च १८१३ मध्ये त्याला तिथं प्रयोगशाळेतला मदतनीस म्हणून नोकरी मिळाली. आज आपण रेझ्युमेबरोबर प्रोजेक्टची लिंक देतो, त्यातलाच हा प्रकार.

१८३१: बदल झाला तरच वीज

वीज वाहणाऱ्या तारेभोवती चुंबकत्व तयार होतं, हे १८२० पासून माहीत होतं. उलट्या दिशेनं, चुंबकापासून वीज मिळेल का, हा प्रश्न मात्र बाकी होता. २९ ऑगस्ट १८३१ ला फॅरडेनं लोखंडी कड्याच्या दोन बाजूंना तांब्याच्या तारेच्या दोन कॉईल गुंडाळल्या. तेव्हा इन्सुलेशन असलेली तार बाजारात तयार मिळत नव्हती, म्हणून वेटोळ्यांच्या मधे त्यानं सुतळी आणि कापड घातलं. बाइंडरचा हात इथं कामाला आला.

एका कॉईलला बॅटरी जोडली की दुसऱ्या कॉईलच्या गॅल्व्हानोमीटरची सुई टचकन हलायची आणि परत जागेवर यायची. बॅटरी काढली की पुन्हा हलायची, उलट्या बाजूला. प्रवाह नुसता चालू असताना काहीच नाही. ऑक्टोबरमध्ये त्यानं कॉईलमध्ये चुंबक आत-बाहेर करून हेच दाखवलं. म्हणजे चुंबकत्व नुसतं असून भागत नाही, ते बदलावं लागतं. साताऱ्यात तेव्हा छत्रपती प्रतापसिंह महाराजांचं राज्य होतं आणि सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांचं, यावरून काळाचा अंदाज येईल.

आता गिटारकडे या. मिरजेच्या सतारमेकरांकडचा तंबोरा बघा. त्यात तारेचा आवाज मोठा करण्याचं काम भोपळा करतो. बहुतेक इलेक्ट्रिक गिटारचं लाकूड भरीव असतं, तिथं हे काम पिकअप करतो. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची स्टीलची तार थरथरली की कॉईलमधलं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वीज तयार होते. नायलॉनची तार लावली तर पिकअपला काहीच कळणार नाही. अमेरिकेत बोशां आणि रिकनबॅकर यांनी अशी पहिली गिटार तयार केली ती १९३१ मध्ये, फॅरडेच्या कड्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी.

गुणगुण कुठून येते?

सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात कोयना धरण आहे. तिथलं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यानं पोफळीकडच्या वीजगृहांत जातं. पूर्ण प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॉट. आत चाललेलं काम फॅरडेचंच आहे: चुंबक फिरतं, भोवतीच्या कॉईलमध्ये वीज तयार होते. ही वीज सेकंदाला ५० वेळा मागे-पुढे होते आणि देशभरातल्या वायरिंगमध्ये हीच लय चालते.

म्हणून भिंतीतल्या प्रत्येक वायरभोवती, ट्रान्सफॉर्मरभोवती, पंख्याभोवती ५० हर्ट्झनं बदलणारी क्षेत्रं असतात. गिटारचा पिकअप बदल ऐकायलाच बनवलेला. तो तारेबरोबर हेही ऐकतो. ऐकू येतो तो ५० आणि १०० हर्ट्झचा आवाज आणि त्यावरची किरकिर. गिटारची ए तार ११० हर्ट्झची असते, म्हणजे ही गुणगुण थेट सुरांच्या शेजारी येऊन बसते.

एक लक्षात ठेवा: इथं दोन वेगळी क्षेत्रं आहेत, विद्युत आणि चुंबकीय. दोघांचा बंदोबस्त वेगवेगळा करावा लागतो.

१८३६: खोलीएवढा पिंजरा

१८३६ मध्ये फॅरडेनं रॉयल इन्स्टिट्यूशनच्या व्याख्यानगृहात १२ फूट लांब, रुंद आणि उंच असा एक पिंजरा उभा केला. लाकडी चौकट, तिच्यावर आडव्या-उभ्या तांब्याच्या तारा, वर कागद आणि कथलाच्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या. सगळा पिंजरा जमिनीपासून इन्सुलेट केलेला. मग मोठ्या यंत्रानं त्याला विद्युतभार दिला. बाहेरच्या बाजूनं ठिणग्या उडत होत्या. फॅरडे आत जाऊन बसला, बरोबर पेटत्या मेणबत्त्या आणि विद्युतमापक घेऊन. आतल्या उपकरणांवर विजेचा मागमूस नव्हता.

१८४३ मध्ये, म्हणजे सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सीता स्वयंवराचा प्रयोग केला त्याच वर्षी, फॅरडेनं बर्फाची धातूची बादली घेऊन हेच आणखी नेमकं दाखवलं. आत लोंबकळणारा विद्युतभारित गोळा बादलीच्या बाहेरच्या बाजूवर आपल्याएवढाच भार उभा करतो. धातूचं कवच आतलं आणि बाहेरचं जग वेगळं करतं.

गिटारमधला पिंजरा

गिटारचं शील्डिंग म्हणजे या पिंजऱ्याची छोटी आवृत्ती. पिकअप आणि कंट्रोल बसतात त्या खाचांना आतून तांब्याची चिकट टेप लावतात किंवा ग्राफाइटचा वीजवाहक रंग देतात. पिकगार्डच्या मागच्या बाजूलाही टेप लागते. सगळे तुकडे एकमेकांना विजेनं जोडलेले हवेत, ते मल्टिमीटरवर तपासा. जॅकच्या सिग्नलच्या पट्टीला टेप चिकटली तर आवाजच बंद होईल, तेवढं सांभाळा.

फॅरडेचा पिंजरा अधांतरी होता, मग गिटारचा ग्राउंड का करायचा? कारण फॅरडे आणि त्याची उपकरणं पूर्ण आत होती. गिटारमधून मात्र केबल बाहेर अँपकडे जाते. पिंजरा मोकळा सोडला तर बाहेरच्या क्षेत्राबरोबर त्याचा व्होल्टेज वर-खाली होतो आणि ती हालचाल आतल्या वायरमध्ये उतरते. म्हणून टेपला वायर सोल्डर करून ती व्हॉल्यूम पॉटच्या पाठीवर, म्हणजे सर्किटच्या ग्राउंडला जोडतात. अशीच एक वायर ब्रिजखाली जाते, तिच्यामुळे तारा ग्राउंड होतात. तुमचं शरीर हा गिटारला चिकटून उभा असलेला मोठा अँटेना आहे. तारेला हात लावला की तो ग्राउंडला बांधला जातो आणि गुणगुण कमी होते.

पिंजऱ्याची मर्यादा

सगळी टेप नीट लावूनही सिंगल कॉईल पिकअप थोडा गुणगुणतोच. टेप विद्युत क्षेत्र अडवते. ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तिच्यातून आरपार जातं. तांब्यानं ते अडवायचं तर काही मिलिमीटर जाड पत्रा लागेल आणि टेप असते कागदाएवढी.

यावर उपाय पिंजऱ्याचा नाही, कॉईलचाच आहे. १९५५ मध्ये गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हरनं दोन कॉईल शेजारी बसवल्या. दुसरीचे वेढे उलटे आणि चुंबकाची बाजूही उलटी. बाहेरची गुणगुण दोन्हींत विरुद्ध येते आणि कापली जाते, तारेचा आवाज मात्र बेरजेनं वाढतो. यालाच हमबकर म्हणतात. त्यामुळे टेपवर पैसे खर्च करण्याआधी एक चाचणी करा: गिटार घेऊन जागेवर गोल फिरा. दिशा बदलल्यावर गुणगुण ठळकपणे कमी-जास्त झाली तर ती बहुतेक चुंबकीय आहे, टेपनं जाणार नाही.

नकार देणारा माणूस

फॅरडेला वरचं गणित येत नव्हतं. त्याच्या क्षेत्ररेषांना समीकरणांत बसवलं ते पुढे मॅक्सवेलनं. पण त्याची प्रयोगवही बघा: १६ हजारांहून जास्त क्रमांकित नोंदी. आम्ही सॉफ्टवेअरवाले बदलांचा लॉग ठेवण्याबद्दल एकमेकांना उपदेश करत असतो. फॅरडेनं ते चाळीसेक वर्षं नेमानं केलं.

त्यानं सर ही पदवी नाकारली, रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद नाकारलं. क्रिमियन युद्धात विषारी वायूबद्दल सल्ला मागितला गेला, तोही नाकारला. दीपगृहांच्या कामासाठी मात्र जवळजवळ तीस वर्षं सल्ला दिला, कारण तिथं खलाशांचे जीव वाचत होते. उतारवयात स्मरणशक्ती साथ देईना. २५ ऑगस्ट १८६७ ला हॅम्प्टन कोर्टच्या घरी तो वारला. गिटारच्या टोन नॉबला जोडलेल्या कपॅसिटरवर ०.०२२ किंवा ०.०४७ मायक्रोफॅरड लिहिलेलं असतं. त्यातला फॅरड म्हणजे हाच.

अर्थिंगची पिन

आता सगळ्यात महत्त्वाचं. तारा ब्रिजमधून ग्राउंडला, तिथून केबलनं अँपच्या चासिसला आणि तिथून थ्री-पिन प्लगच्या जाड पिनमधून घराच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. वाजवताना तुमची बोटं या साखळीत असतात. अर्थिंग तुटलेलं असेल आणि अँपमध्ये बिघाड झाला, तर तारांत करंट येऊ शकतो. तारा नीट ग्राउंड असतील पण माईकमध्ये करंट उतरला असेल, तर ओठ माईकला लागताच तो अंगातून जातो. स्टोन द क्रोज बँडचा गिटारिस्ट लेस्ली हार्वे १९७२ मध्ये स्वानसीच्या स्टेजवर अर्थिंग नसलेल्या माईकला हात लागून गेला.

मांडवात साउंडवाल्याची लाइन एक आणि अँपची दुसरी असते. दोन्ही एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावरून घ्या आणि पुढे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लावायला सांगा. गुणगुण घालवायला काही जण प्लगची जाड पिन काढतात किंवा टू-पिन अडॅप्टर लावतात. आवाज कधीकधी खरंच कमी होतो, पण संरक्षणही त्याच्याबरोबर जातं. ते कधीही करू नका.

क्रम असा ठेवा: आधी इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटचं अर्थिंग तपासा, मग केबल बदलून बघा, मग ब्रिजची वायर बघा आणि शेवटी टेप आणा.