सोसणं वेगळं, ओझं उचलणं वेगळं

माझ्या आत्याला बाविसाव्या वर्षी वैधव्य आलं. ती माहेरी परत आली तेव्हा मी सहा-सात वर्षांची असेन. समाचाराला आलेल्या बायका ओसरीवर बसायच्या, पदराने डोळे पुसायच्या आणि उठता उठता हमखास म्हणायच्या, की मागच्या जन्मी काहीतरी घडलं असणार, त्याशिवाय का असं होतं! आत्या मान खाली घालून ऐकायची. पुढे कितीतरी वर्षांनी, एकदा गहू निवडता निवडता तिने मला विचारलं, की मी असं काय केलं असेन गं? मला काही उत्तर देता आलं नाही.

पंडिता रमाबाईंचं चरित्र मी नीट वाचलं ते आत्या गेल्यानंतर. वाचताना सारखं वाटत होतं, हे तिच्या हाती पडायला हवं होतं. मी काही ख्रिस्ती नाही. पण या बाईंनी बायबलमधून काय घेतलं हे कळलं, आणि आत्याच्या त्या प्रश्नाकडे बघण्याची माझी नजरच बदलली.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना लोकांचा रोष पत्करावा लागला होता. त्याच आईकडून, लक्ष्मीबाईंकडून, रमाबाई संस्कृत शिकल्या. सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत गावोगाव फिरायचं. मग दुष्काळ आला. दागिने गेले, भांडी गेली, शेवटी झाडपाला खायची पाळी आली. भुकेने आणि आजाराने आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण.

आई गेली तेव्हाचा प्रसंग वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. तिरडी उचलायला माणसं मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली, तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथा खांदेकरी म्हणून रमाबाई स्वतः. चण लहान, खांदा उंचीला पुरेना. म्हणून आपल्या वाट्याचं ओझं त्या मुलीने डोक्यावर घेतलं.

पुढे ही दोघं भावंडं हजारो मैल पायी हिंडली आणि १८७८ साली कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पण १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी विवाह केला. जातीबाहेरचा, नोंदणी पद्धतीचा. १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने नवरा गेला. चोवीस वर्षंही पुरी झाली नव्हती. पदरात तान्ही मुलगी, आणि माहेर म्हणावं असं जगात एकही घर नाही.

आता सांगा मैत्रिणींनो, या मुलीने असं काय पाप केलं होतं?

त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिलं, आणि १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं होतं, पण ऐकू कमी येत असल्याने ते राहून गेलं. वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींकडे त्या राहत होत्या. या भगिनींचं लंडनच्या फुलम भागात एक घर होतं. ज्यांना समाज ‘वाया गेलेल्या’ म्हणून दाराबाहेर काढतो, अशा बायकांना तिथे मायेने सांभाळत. रमाबाईंनी हे पूर्वी कुठे पाहिलं नव्हतं. या बायकांची एवढी कणव का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा उत्तरादाखल त्यांना विहिरीवर पाणी भरायला आलेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगण्यात आली. जातीने हलकी मानलेली, पाच नवरे झालेली बाई. पण येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो आणि देवाच्या भक्तीविषयी बरोबरीने बोलतो. ती गोष्ट रमाबाईंच्या मनात घर करून बसली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

याचा अर्थ त्यांनी मान डोलावून सगळं स्वीकारलं असं मात्र नाही. इंग्लंडमधल्या धर्मगुरूंशी आणि भगिनींशी त्या वाद घालत राहिल्या. आपल्याला ख्रिस्ती धर्म आधी मिळाला आणि ख्रिस्त बऱ्याच वर्षांनी, अशी कबुलीही त्यांनी पुढे मोकळेपणी देऊन ठेवली.

ख्रिस्त भेटला म्हणजे काय, हे मी माझ्या परीने समजून घेतलं ते असं. बायबलात ईयोब नावाच्या सज्जन माणसाची कथा आहे. त्याची मुलं मरतात, संपत्ती जाते, अंगभर फोडं येतात. समाचाराला आलेले मित्र त्याला पुन्हा पुन्हा बजावतात, की तू काहीतरी पाप केलंच असणार. आमच्या ओसरीवरच्या बायकाच जणू! पण शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो. ईयोब खरं बोलला, तुम्ही नाही, असा निवाडा देतो. योहानाच्या शुभवर्तमानात शिष्य एका जन्मांध माणसाकडे बोट दाखवून विचारतात, की पाप याचं की याच्या आईबापांचं? येशू दोन्ही नाकारतो आणि त्याला दृष्टी देतो. लूकच्या शुभवर्तमानात अठरा वर्षं कमरेत वाकलेली एक बाई येते. आणखी थोडं सोस, असं येशू तिला सांगत नाही. विश्रांतीचा वार असूनही, देवळातल्या मोठ्यांचा राग पत्करून, तिला ताठ उभी करतो.

मग क्रूसाचा अर्थ काय? यशयाच्या ग्रंथात एका निरपराध सेवकाचं वर्णन आहे. लोक त्याला देवाने शिक्षा केलेला समजतात, पण तो दुसऱ्यांच्या अपराधांचा भार वाहत असतो. ख्रिस्ती लोक त्या सेवकात येशूला पाहतात. त्याच्यावर झालेला अन्याय हा अन्यायच होता, त्याला कुणी चांगलं म्हणत नाही. पण आपला प्राण कुणी हिसकावून घेत नाही, आपण तो आपण होऊन देतो, असं तो सांगतो. त्या देण्याने दुसऱ्यांची सुटका होते, आणि मरणानंतर पुनरुत्थान येतं, अशी त्यांची श्रद्धा आहे.

या ‘आपण होऊन’ शब्दांपाशी मी थांबले. कारण आपल्याकडे बाईला त्याग शिकवतात तो बहुतेक वेळा दुसऱ्याने लादलेला असतो. नवरा मारतो, सोस. सासू छळते, सोस. क्रूसाचं नाव घेऊनही असा उपदेश करता येतो, जगात अनेकांनी तो केलाही आहे. रमाबाईंनी मात्र एकाही विधवेला सोसत राहा असं सांगितलं नाही. त्यांनी तिच्यासाठी दार उघडलं.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. इथेच शिकलेल्या गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या, आनंदीबाई कर्वे म्हणून आपण त्यांना ओळखतो. १८९३ मध्ये सदनात धर्मांतराला उत्तेजन मिळतं असा आरोप झाला. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंच्या धर्मांतराबद्दल आजही दोन्ही बाजूंनी बोललं जातं. ज्याचं त्याने ठरवावं.

पण १८९६ च्या दुष्काळात त्यांनी काय केलं ते बघा. मध्य प्रांतातून उपासमारीच्या बातम्या येऊ लागल्या. पैसे नव्हते, हाताशी माणसं नव्हती, आधी त्यांचाही पाय अडखळला. पण भूक म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं. लोक मुलींचा सौदा कसा करतात हेही ठाऊक होतं. त्या निघाल्या. सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून केडगावच्या शेतावर त्यांची सोय केली. तेच ‘मुक्ती’. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या आसपास पोचली. तिथे जात विचारली जात नव्हती. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन होतं. आंधळ्या मुलींना मनोरमा ब्रेल शिकवायची. विणकाम, शेती, गाईगुरं, छापखाना, सगळं बायकाच चालवायच्या.

ज्या दुष्काळाने रमाबाईंचं घर बुडवलं, त्याच्या आठवणीनेच शेकडो मुली जगल्या. तो दुष्काळ त्यामुळे चांगला ठरत नाही. आईच्या तिरडीचं ओझं त्यांच्यावर येऊन पडलं होतं. या मुलींचं ओझं त्यांनी स्वतः पुढे होऊन उचललं. मला हा फरक फार मोठा वाटतो.

आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खेड्यातल्या बाईलाही कळेल अशी सोपी भाषा त्यांना हवी होती. छपाई मुक्तीतल्या बायकांनीच केली. ईयोबाचा आक्रोश, यशयाचा सेवक, ती वाकलेली बाई, सगळं त्यांच्या लेखणीखालून गेलं. काम चालू असतानाच, जुलै १९२१ मध्ये, मिरजेला मनोरमा गेली. चाळीस वर्षांची एकुलती एक लेक, त्यांचा उजवा हात. आईने ते दुःखही पोटात घेतलं आणि काम सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झालं.

आत्या शेवटी शेवटी आमच्या गल्लीतल्या बाळंतिणींना न बोलावता जाऊन न्हाऊ-माखू घालायची. काही घरांत आधी कुरकुर झाली, विधवेचा हात कशाला म्हणून. मग तिच्यावाचून कुणाचं चालेना. तेव्हा मला ते साधं काम वाटायचं.

आज ती असती तर सांगितलं असतं, आत्या, तू काहीही केलं नव्हतंस गं. आणि त्या बाळांसाठी जे केलंस, ते मात्र तुझं स्वतःचं होतं.