गाविलगड आणि नरनाळ्याला नवे रूप देणारा फत्तेउल्ला

सातपुड्याच्या दक्षिण कडेवर, पूर्णेच्या खोऱ्याकडे तोंड करून उभे असलेले गाविलगड आणि नरनाळा हे वऱ्हाडचे मानबिंदू. पहिला अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याजवळ, दुसरा अकोला जिल्ह्यात अकोटच्या उत्तरेस. हे किल्ले मुळात कोणी आणि कशासाठी उभारले, याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. मात्र त्यांच्या आजच्या भव्य रूपावर ज्याची ठळक मुद्रा उमटली आहे, तो पुरुष म्हणजे वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक फत्तेउल्ला इमाद-उल-मुल्क.

फत्तेउल्लाचा जन्म विजयनगरच्या राज्यातील एका हिंदू कुटुंबात झाला. बहमनी सैन्याबरोबरच्या युद्धात तो लहानपणीच कैद झाला आणि वऱ्हाडचा सुभेदार खानजहान याच्या पदरी आला. तेथेच तो वाढला, मुसलमान झाला आणि लष्करी कामात तरबेज झाला. खानजहानच्या मृत्यूनंतर तो बहमनी दरबारात दाखल झाला. वजीर महमूद गवान याच्या काळात त्याला इमाद-उल-मुल्क हा किताब मिळाला आणि १४७१ मध्ये वऱ्हाडची सुभेदारी त्याच्याकडे आली.

गवान हा द्रष्टा प्रशासक होता. सुभेदार डोईजड होऊ नयेत म्हणून त्याने राज्याच्या चार सुभ्यांचे आठ भाग केले. वऱ्हाडचेही गाविल आणि माहूर असे दोन तुकडे झाले. गाविल फत्तेउल्लाकडे राहिले, तर माहूर खुदावंदखान हबशीला मिळाले. शिवाय प्रत्येक सुभेदाराच्या ताब्यात एकच किल्ला राहील आणि बाकीच्या किल्ल्यांचे किल्लेदार सुलतान स्वतः नेमील, असा दंडक गवानने घातला. किल्ला म्हणजे सत्ता, हे त्या काळाचे गणित त्याने अचूक ओळखले होते.

परंतु दरबारी कारस्थानाला बळी पडून १४८१ च्या एप्रिलमध्ये गवानचा शिरच्छेद झाला. या अन्यायाने व्यथित झालेले फत्तेउल्ला आणि खुदावंदखान सुलतानापासून दुरावले व आपापल्या मुलखात परतले. पुढच्याच वर्षी अल्पवयीन महमूदशहा गादीवर बसला. बिदरची पकड सैल झाली आणि गवानचा दंडक कागदावरच राहिला.

येथून फत्तेउल्लाच्या गडबांधणीचे पर्व सुरू होते. गाविलगड १४२५ च्या सुमारास अहमदशहा बहमनीने बांधला आणि नरनाळ्याची दुरुस्ती केली, असे फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो. दुरुस्ती झाली म्हणजे नरनाळा त्याहून जुना, हे उघड आहे. गाविलगडाचे नावही गवळी राजांकडे बोट दाखवते. त्यांनी येथे प्रथम मातीचा गड घातला, अशी परंपरा आहे. नरनाळ्याच्या महाकाली दरवाजाचे काम १४८७ मध्ये, तर गाविलगडाचा जीर्णोद्धार १४८८ च्या सुमारास फत्तेउल्लाने केला.

या बांधकामाचा हेतू काय असावा? १४६२ मध्ये माळव्याच्या महमूद खिलजीने थेट बिदरपर्यंत धडक मारली होती. त्यामुळे उत्तर सीमेचे रक्षण हे कारण सयुक्तिक वाटते. महाकाली दरवाजावरील शिलालेखात फत्तेउल्लाने महमूदशहाचा सार्वभौम म्हणून आदराने उल्लेखही केला आहे. परंतु अवघ्या तीन वर्षांनी, १४९० मध्ये तो स्वतंत्र झाला. एलिचपूर म्हणजे आजचे अचलपूर ही त्याची राजधानी झाली. सरहद्दीसाठी उभारलेली तटबंदी स्वातंत्र्याच्याही कामी आली.

गाविलगडाच्या दिल्ली दरवाजावर दोन तोंडांचा गंडभेरुंड आणि सिंह कोरलेले आहेत. गंडभेरुंडात काही अभ्यासकांना फत्तेउल्लाच्या विजयनगरच्या जन्माची आठवण दिसते. तथापि हे चिन्ह महाराष्ट्रातील इतर किल्ल्यांवरही आढळते, त्यामुळे तेवढ्यावरून निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल.

१५०४ मध्ये फत्तेउल्ला मरण पावला आणि त्याचा मुलगा अल्लाउद्दीन गादीवर आला. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने इमादशाही गिळंकृत केली. पुढे भोसल्यांच्या ताब्यातील गाविलगड १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रजांनी जिंकला, तोही पठाराशी जोडलेल्या उत्तर बाजूने. दक्षिणेचे उभे कडे अभेद्यच राहिले.

परमुलखातून कैदी म्हणून आलेल्या एका मुलाने वऱ्हाडला स्वतःचे राज्य दिले. मेळघाटच्या अरण्यात उभे असलेले त्याचे दरवाजे ऊन-पावसाचा मारा सोसत आहेत. त्यांवरील प्रत्येक अक्षर जपले गेले, तरच या गडांच्या जन्माचे कोडे उलगडण्याची आशा उरेल.