शंभर मैलांचे गुपित

रेल्वेवर प्रेम करणाऱ्यांची एक स्वतंत्र जमात असते. त्यांना गाडीने कोठे पोहोचायचे असतेच असे नाही. गाडी कोणत्या इंजिनाने ओढली, चढणीवर तिचा वेग किती घसरला, याची त्यांना उत्सुकता असते. इंग्लंडमधील अशा मंडळींसाठी जुलै १८९७ मध्ये ‘रेल्वे मॅगझिन’ हे मासिक निघाले. सप्टेंबर १९०१ पासून त्यात ब्रिटिश इंजिनांची कामगिरी आकड्यांनिशी तपासणारे एक सदर सुरू झाले आणि नव्या अंकाची वाट पाहायला या वाचकांना आणखी एक कारण मिळाले. या सदराचे लेखक होते चार्ल्स राउस-मार्टेन.

राउस-मार्टेन अभियंता नव्हते. त्यांनी कधी इंजिनाचा आराखडा काढला नाही की कारखान्यात हातोडा उचलला नाही. ते पत्रकार होते. जन्म इंग्लंडचा, परंतु तरुणपणीच ते आई-वडिलांसोबत न्यूझीलंडला गेले. तेथील दक्षिण टोकाच्या साऊथलँड प्रांतात त्यांनी हवामानाच्या नोंदी ठेवल्या. पुढे इन्व्हरकार्गिल आणि वेलिंग्टन या शहरांत वृत्तपत्रांत काम केले. १८९० च्या दशकात ते लंडनला परतले आणि तेथून न्यूझीलंडच्या वृत्तपत्रांना बातमीपत्रे पाठवू लागले. पाऊस आणि वारा मोजण्यात मुरलेली नोंदींची शिस्त त्यांनी रेल्वेच्या डब्यात आणली, असे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही.

त्यांची पद्धत ऐकायला सोपी होती. ब्रिटिश लोहमार्गालगत दर पाव मैलाला खांब असे. खिडकीशी बसायचे, खांब डोळ्यांसमोरून गेला की स्टॉपवॉच दाबायचे आणि पुढच्या खांबाला वेळ टिपायची. पाव मैल नऊ सेकंदांत कापला तर वेग ताशी १०० मैल. अडचण होती ती सूक्ष्मात. त्या वेगाला सेकंदाचा पाचवा भाग इकडे-तिकडे झाला, तरी उत्तरात दोन मैलांहून अधिक फरक पडतो. डोळा, बोट आणि घड्याळ या तिन्हींवर विश्वास ठेवल्याखेरीज हा आकडा उभाच राहत नाही. वाचकांनी तो विश्वास राउस-मार्टेन यांच्यावर ठेवला होता.

त्या विश्वासाची कसोटी ९ मे १९०४ रोजी लागली. अमेरिकेहून आलेल्या जहाजातील टपाल प्लिमथ बंदरात उतरवून लंडनला नेणाऱ्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या खास गाडीत ते बसले होते. प्लिमथला उतरणाऱ्या प्रवाशांना लंडन अँड साऊथ वेस्टर्न ही कंपनी नेई, तर टपाल ग्रेट वेस्टर्न. दोन्ही कंपन्यांत लंडन आधी गाठण्याची चुरस लागली होती. ब्रिस्टलपर्यंत टपालगाडी ओढण्याचे काम ‘सिटी ऑफ ट्रुरो’ या इंजिनाकडे होते आणि मागे सुमारे दीडशे टनांचा भार होता. सॉमरसेटमधील वेलिंग्टनच्या उतारावर गाडी सुटली. (राउस-मार्टेन यांनी जेथे पत्रकारिता केली, त्या न्यूझीलंडच्या राजधानीचेही नाव वेलिंग्टनच.) पाव मैलाच्या सलग पाच टप्प्यांना लागलेली वेळ त्यांनी टिपली : १०, ९.८, ९.४, ९.२ आणि ८.८ सेकंद. शेवटच्या टप्प्याचा हिशेब ताशी १०२.३ मैल, म्हणजे सुमारे १६५ किलोमीटर. पुढे रुळांवर गँगमन दिसल्याने चालकाला ब्रेक लावावा लागला.

वाफेच्या इंजिनाने ताशी शंभर मैलांची वेस ओलांडली होती आणि साक्षीदार होता या विषयावरचा सर्वांत विश्वासार्ह मानला जाणारा लेखक. तरीही जून १९०४ च्या अंकात या प्रवासावर लिहिताना त्यांनी तो आकडा दिला नाही. इतक्या वेगाची बातमी वाचून प्रवासी धास्तावतील, अशी भीती कंपनीला होती. म्हणून तिने केवळ एकूण प्रवासाच्या वेळा छापण्यास परवानगी दिली. गंमत अशी की, गाडीतील टपाल खात्याच्या एका कर्मचाऱ्यानेही घड्याळ लावले होते आणि त्याच्या हिशेबावरून प्लिमथच्या दोन वृत्तपत्रांनी दुसऱ्याच दिवशी ९९ ते १०० मैलांचा वेग छापूनही टाकला. जाणकारांच्या मासिकाचा वाचक मात्र कोराच राहिला.

पाहुणा म्हणून गाडीत बसलेल्या वार्ताहराने यजमानाचा शब्द पाळावा की वाचकाचा हक्क जपावा? राउस-मार्टेन यांनी मधला मार्ग काढला. १९०५ मध्ये त्यांनी सेकंदांसह सगळे आकडे प्रसिद्ध केले. परंतु कंपनीचे आणि इंजिनाचे नाव गाळून. चाकांचा व्यास, भार आणि ९० फुटांमागे एक फूट हा उतार तेवढा सांगितला. जाणत्या रेल्वेप्रेमीला तर्क लढवायला इतके पुष्कळ होते. कंपनीचे भयही अनाठायी नव्हते. १ जुलै १९०६ रोजी प्लिमथहून निघालेली प्रतिस्पर्धी कंपनीची प्रवासी गाडी सॅलिस्बरीच्या वळणावर अतिवेगाने उलटली आणि २८ जण मृत्युमुखी पडले.

इंजिनाचे नाव राउस-मार्टेन यांनी अखेर उघड केले. पण त्यानंतर त्यांना फार दिवस लाभले नाहीत. २० एप्रिल १९०८ रोजी त्यांचे निधन झाले. कंपनीच्या महाव्यवस्थापकांना त्यांनी जून १९०५ मध्ये पाठवलेले पत्र ग्रेट वेस्टर्नने छापले ते थेट १९२२ मध्ये.

तोवर उलटतपासणी घ्यायला मूळ साक्षीदार उरला नव्हता. शेवटच्या दोन टप्प्यांचा हिशेब मांडला, तर वेग पाव मैलात ९७.८ वरून १०२.३ वर उडी घेतो. असे इंजिन तेवढा भार ओढताना इतकी ताकद देऊ शकते काय, हा संशय अभ्यासकांनी वारंवार मांडला. शंभराच्या जवळपास वेग गाठला असावा, १०२.३ मात्र पचायला जड, असा अनेकांचा कौल आहे. प्रस्तुत लेखकाला वाटते, की राउस-मार्टेन यांनी ही नोंद जूनच्या त्या अंकात छापली असती, तर आक्षेपांना उत्तरे देणे त्यांना स्वतःला शक्य झाले असते. मोजमापाच्या उपकरणांसह धावलेल्या ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ने ३० नोव्हेंबर १९३४ रोजी शंभर मैल गाठले आणि अधिकृत पहिला मान तिच्याकडे गेला.

‘सिटी ऑफ ट्रुरो’ १९३१ मध्ये सेवेतून निवृत्त झाले. स्वतःच्या खर्चाने ते जतन करण्यास ग्रेट वेस्टर्नच्या संचालकांनी नकार दिला, तेव्हा दुसऱ्याच कंपनीच्या यॉर्क येथील संग्रहालयात त्याला जागा मिळाली. मासिकातील सदर पुढे सेसिल जे. ॲलन यांच्याकडे आले आणि त्यांनी ते सुमारे अर्धशतक चालवले. वाचकही आता स्वतःची स्टॉपवॉच घेऊन खिडकीशी बसत होते.